गंगापूर धरणावर होडी उतरवायला डिस्कव्हरी ४ : दोन हंगामांनंतर

आमची होडी अठरा फुटी, फायबरची. चार वल्ही, एक शीड. तिला मोटर नाही आणि कधी बसवणारही नाही, कारण गंगापूर धरणाचं पाणी नाशिक पितं. ट्रॉलीसकट वजन नऊशे किलोच्या आसपास. जलसंपदा विभागाची परवानगी काढून ठेवली की ऑक्टोबरपासून मेपर्यंत जमेल त्या रविवारी आम्ही धरणावर असतो. ही होडी ओढायला आम्ही दोन वर्षांपूर्वी २०१५ सालची वापरलेली लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ घेतली. गाडी शहरात कशी चालते यावर मी काही लिहिणार नाही, मला पाण्याच्या कडेचं सांगायचं आहे.

आधीच्या गाडीला मागे कमानपाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग होते. होडी जोडली, डिकीत नांगर, दोर, लाइफ जॅकेट आणि पाण्याचे कॅन भरले की तिचं बूड खाली बसायचं. पुढची चाकं हलकी व्हायची, स्टिअरिंग पोकळ लागायचं. परतताना अंधार पडला की हेडलाइटचा झोत गंगापूर रोडवरच्या झाडांच्या शेंड्यांवर जायचा आणि समोरचे लोक वैतागून डिपर मारायचे. आनंदवलीपर्यंत माझे खांदे दुखून यायचे.

या गाडीत चारही चाकांवर पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे आहेत. प्रत्येक चाकाशी उंची मोजणारा सेन्सर आणि हवा भरायला एक कॉम्प्रेसर. मागे वजन पडलं की सेन्सरला कळतं, कॉम्प्रेसर घुर्र करतो आणि बूड पुन्हा जागेवर येतं. मी टेप लावून बघितलंय. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजलं. होडी जोडून सामान भरल्यावर माप सव्वा इंचानं कमी झालं आणि दारं लावून इंजिन चालू केल्यावर, माझा चहा संपायच्या आत, पहिल्याइतकं झालं. माझ्या दिरांचं गॅरेज आहे. ते सांगतात, कल्पना जुनीच आहे. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरलाही मागे आपोआप उंची सांभाळणारा दांडा होता, फक्त त्यात हवेचे फुगे नव्हते.

मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो होडी जोडताना. पूर्वी ट्रॉलीचं तोंड उचलून गाडीच्या मागच्या हुकावरल्या गोळ्यावर बसवायला दोन माणसं लागायची. आता बटण दाबून गाडी पन्नास मिलिमीटर खाली बसवते, गोळा तोंडाखाली येईल अशी मागे घेते आणि पुन्हा बटण दाबते. गाडी उठते आणि गोळा आपसूक तोंडात जाऊन बसतो. मग खटका लावायचा, साखळी अडकवायची आणि सगळ्यात शेवटी ट्रॉलीच्या दिव्यांची पिन. हे मी एकटी करते. बावन्नाव्या वर्षी, कंबर सांभाळून. या एका गोष्टीसाठी मी या गाडीला पैकीच्या पैकी देईन.

उतारावर मात्र एक गैरसमज आधी काढून टाका. आपोआप समतल म्हणजे गाडी उतारावरही आडवी राहते, असं नाही. ती चाक आणि बॉडी यांच्यातलं अंतर राखते, जमिनीचा उतार तिला काय माहीत! काठावर मुरूम जिथे एकदम खाली वळतो तिथे हुक घासायचा. तिथे मी गाडी ऑफ-रोड उंचीवर घेते, म्हणजे नेहमीपेक्षा पंचावन्न मिलिमीटर वर, आणि लो गिअर टाकते. मग मागची चाकं जेमतेम भिजेपर्यंत हळूहळू मागे. पाण्यात शिरण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि दिव्यांची पिन काढायची. गरम बेअरिंग गार पाण्यात बुडवली की आत पाणी ओढून घेतात, आणि तापलेला बल्ब फुटतो.

होडीचा मागचा भाग तरंगायला लागला की तिचं वजन पुढे, नेमकं हुकावर येतं. त्या क्षणी बूड दबलेलं कळतं, कॉम्प्रेसर जागा होतो. होडी घसरून मोकळी झाली की ओझं नाहीसं होतं, गाडी किंचित वर उचलली जाते आणि खालून फुस्स करून हवा सुटते. तो आवाज आला की मला कळतं, होडी पाण्यात गेली. मागे वळून बघायच्या आधीच.

पहिल्या हंगामात माझ्याकडून एक चूक झाली. दोर सोडायला मी स्वतःच उतरले आणि दार उघडं ठेवलं. दार उघडं असलं की ही गाडी उंची बदलत नाही, सगळं थांबवते. बूड दबलेलंच राहिलं, हुक मुरमात रुतला आणि मी घाईनं आत बसून गाडी पुढे काढायला गेले. भाऊजी पाण्यातून ओरडले, ‘‘वहिनी, थांबा! दार लावा, आधी तिला उठू द्या.’’ तेव्हापासून स्टिअरिंगवरचं माणूस उतरत नाही. हँडब्रेक, पार्क, इंजिन चालू, दारं बंद. दोर दुसऱ्यानं धरायचा. आणि चाकामागे दगडाची उटी लावायचीच, गाडी कितीही हुशार असली तरी.

ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं तेव्हा काठ उभा आणि मुरमाड असतो, काम दहा मिनिटांत होतं. मे महिन्यात पाणी लांब आत जातं आणि मध्ये गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, खालून लोण्यासारखा. तिथे फुग्यांचा काही इलाज चालत नाही. अडीच टनांची गाडी आहे ही, रुतली तर ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. मासे धरणारा एक म्हातारा तिथे नेहमी भेटतो. तो काठीनं गाळ टोचून दाखवतो, ‘‘ताई, इथवर या, पुढं नका येऊ.’’ मी त्याचं ऐकते. एप्रिलनंतर होडी काठावरून हातानंच ढकलतो.

जुनी घेणार असाल तर खर्चाचा विचार करूनच घ्या. फुगे रबराचे असतात, वय झालं की चिरतात. कॉम्प्रेसरही झिजतो. दोन्ही स्वस्त नाहीत. आम्हाला एका गॅरेजवाल्यानं फुगे काढून साधे स्प्रिंग टाका, असा सल्ला दिला होता. ऐकलं असतं तर होडी जोडायला पुन्हा दोन माणसं शोधावी लागली असती. आम्ही गाडी बघायला गेलो तेव्हा संध्याकाळी चारही कोपरे मोजून कागदावर लिहिले, मालकाला रात्रभर गाडी हलवू नका म्हणून विनंती केली आणि सकाळी सातला पुन्हा टेप घेऊन हजर झालो. चारही आकडे तेच होते. मग पैसे दिले.