एड्रियाटिकवर शिडाच्या बोटीने आठवडा: समुद्राबद्दल तक्रार नाही, विंडलासबद्दल आहे

क्रोएशियात भाड्याने घेतलेल्या शिडाच्या बोटीच्या डिपॉझिटमधले, कंपनीने अडकवून ठेवलेले नऊशे युरो सुट्टीनंतर कित्येक महिन्यांनी, परवा एकदाचे परत आले. म्हणून आता निवांतपणे लिहितो. निळं पाणी, दगडी गावं, सूर्यास्त हे सगळं जाहिरातीत दिसतं तसंच आहे, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही.

बोट ४६ फुटी, मोनोहल म्हणजे एकाच सांगाड्याची, चार केबिनची. कंपनीचा तळ, म्हणजे बोट घ्यायची आणि परत द्यायची जागा, स्प्लिटशेजारचं काश्तेला. शनिवार ते शनिवार, सात पाहुणे आणि एक स्किपर, म्हणजे बोट चालवणारा. क्रोएशियात बोट स्वतः चालवायची तर तिथल्या सरकारला मान्य असलेला परवाना आणि शिवाय व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर स्किपर घ्या. त्याला दिवसाचे साधारण दोनशे युरो, वर जेवण आणि झोपायला केबिन. ही केबिनची गोष्ट बुकिंग करताना कुणी ठळक सांगत नाही. 'आठ जणांची बोट' म्हणजे स्किपर घेतला की सात पाहुण्यांची बोट.

जूनचा हिशेब असा: बोट चार हजार युरो, ट्रान्झिट लॉग अडीचशे (यात साफसफाई, चादरी, गॅस, डिंगी म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, हा खर्च टळत नाही), स्किपर चौदाशे, डिझेल दीडशेच्या आसपास, धक्के आणि बोये (बोट बांधायचे तरंगते गोळे) मिळून चारशे. एकूण सहा हजार दोनशे, म्हणजे सात जणांत माणशी नऊशेच्या आत. विमान, व्हिसा आणि खाणंपिणं वेगळं. १ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो, त्यामुळे 'कुना' या जुन्या चलनातल्या हिशेबांकडे बघू नका.

या हिशेबात हातात असलेला आकडा एकच, तो म्हणजे त्या चारशेचा. हंगामात चांगल्या मरीनात, म्हणजे अशा बोटींच्या बंदरात, या मापाच्या बोटीला एका रात्रीचे शंभर ते दीडशे युरो सहज जातात. सहा रात्री मरीनात काढल्या तर चारशेचे सहाशे ते नऊशे होतात. बोया त्याहून स्वस्त. कोनोबाच्या, म्हणजे तिथल्या खाणावळीच्या बोयाला बांधून त्यांच्याकडेच जेवलं तर बहुतेक ठिकाणी बोयाचे पैसे घेत नाहीत. आणि स्वतःचा नांगर टाकला तर, ठेक्याने दिलेली खाडी नसेल तर, फुकट. ठेक्याच्या खाडीत संध्याकाळी छोट्या होडीतून वसुलीला माणूस येतो. त्याच्याकडून छापील पावती घ्यायचीच. थोडक्यात, या सुट्टीतली काटकसर नांगरावर टांगलेली असते आणि नांगर टांगलेला असतो विंडलासवर. पुढचं पाल्हाळ त्यासाठी.

विंडलास म्हणजे नांगराची साखळी वर ओढणारी विजेची मोटर, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला. १२ व्होल्टची, साधारण १००० वॉटची. साधा भागाकार केला तरी ऐंशीच्या वर अँपिअर, आणि साखळी ताणलेली असली की त्याहून बरेच जास्त. नुसत्या बॅटरीवर एवढा करंट ओढला की व्होल्टेज बसतं, मोटर मंदावते, मंदावली की आणखी करंट खाते, आणि तापते. म्हणून आधी इंजिन चालू, १२०० ते १५०० आरपीएम, आणि मगच बटण.

दुसरी गोष्ट, विंडलासने साखळी उचलायची असते, बोट ओढायची नसते. अशी बोट दहा-बारा टनांची. पुढे उभा असलेला माणूस साखळी कुठल्या दिशेला गेली आहे ते हाताने दाखवतो, स्किपर त्या दिशेला इंजिनावर हळूच सरकतो, साखळी सैल पडते, तेवढी वर घ्यायची. ताणली की बटण सोडायचं. नांगर तळात रुतला असेल तर साखळी क्लीटला, म्हणजे दोरी बांधायच्या डेकवरच्या खुंटीला, अडकवून इंजिनाच्या जोरावर उपटायचा. मोटरवर नाही.

तिसरी गोष्ट, वर आलेली साखळी खालच्या कप्प्यात ढिगासारखी साचत जाते. ढीग उंच झाला की शेवटच्या दहा मीटरांत साखळी तोंडाशी अडकते आणि बटण दाबणाऱ्याला वाटतं मोटर गेली. झाकण उघडून बोट-हुकच्या दांड्याने ढीग पाडायचा. हात घालायचा नाही, बोटं जातात. आणि मोटर अजिबातच फिरत नसेल तर निम्म्या वेळा ब्रेकर पडलेला असतो. तो डेकवर नसतो; कुठल्यातरी केबिनमध्ये, बिछान्याखाली, बॅटरीच्या मुख्य खटक्यांजवळ असतो. ताबा घेतानाच तो दाखवायला सांगा. अंधारात, वारं वाढलेलं असताना, सातजणांचं सामान उपसून तो शोधण्यात मजा नाही.

आता भांडण. परतल्यावर कंपनीने विंडलासची मोटर जळाल्याचं सांगून 'इंजिन बंद ठेवून वापरली' या कारणाखाली नऊशे युरो कापले. पुरावा काय, तर ताब्याच्या यादीत 'विंडलास: ओके' असं लिहिलेलं होतं. हा ओके कसला असतो ते समजून घ्या. मरीनाच्या तळाशी मुरिंगच्या, म्हणजे बोटी बांधायच्या, साखळ्या असतात, त्यामुळे तिथे नांगर तळाला लावता येत नाही. दोन-तीन मीटर खाली सोडतात, वर घेतात, टिक करतात. वीस किलोचा नांगर आणि जेमतेम पाच-सात किलो साखळी. दहा मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते; म्हणजे दहा मीटर खोलीत नांगर तळातून सुटला की चाळीस किलोंच्या वर वजन लटकतं, शिवाय चिखल. मरणपंथाला लागलेली मोटर मरीनात अगदी ठणठणीत वाटते.

म्हणून खरी तपासणी पहिल्या मुक्कामाला करायची. नांगर उचलताना व्हिडिओ काढा, त्यात इंजिनाचा आरपीएमचा काटा आणि विंडलासचा आवाज दोन्ही आले पाहिजेत. वेग मंद वाटला तर त्याच क्षणी कंपनीच्या तळावर लेखी मेसेज. फोन नको, मेसेज. आमची केस याच जोरावर सुटली: पहिल्या सकाळचा व्हिडिओ, त्यावरचा मेसेज, आणि मुख्य म्हणजे बटण दाबायला सांगणारा स्किपर कंपनीनेच दिलेला होता. त्याचा लेखी जबाब मागितल्यावर कंपनीचा सूर बदलला. तरी मोटरची देखभाल शेवटची कधी झाली होती, या प्रश्नाला आजतागायत उत्तर नाही.

इथपर्यंतचं बरंचसं टिपण सुट्टीहून आल्या आल्या केलं होतं आणि त्यात 'डॅमेज वेव्हर घेऊ नका, पैसे पाण्यात' असं ठणकावून लिहिलं होतं. ते आता खोडतो. तीन हजारांचं डिपॉझिट कार्डावर अडकवण्याऐवजी तीनशेच्या आसपास परत न मिळणारी रक्कम भरायची आणि मोकळं व्हायचं, हे कंजूष माणसाला पटत नाही. पण सात जणांत ते माणशी चाळीस-पंचेचाळीस युरो होतात. मात्र त्यातले अपवाद वाचून घ्या. हरवलेली डिंगी, तिचं इंजिन, तुंबलेलं टॉयलेट आणि 'निष्काळजीपणा' बहुतेक वेळा बाहेर ठेवलेले असतात. विंडलास कुठे बसतं ते सही करण्याआधी विचारा. ते 'निष्काळजीपणा'त ढकलत असतील तर वेव्हर घेण्यात अर्थ नाही, हे मात्र अजूनही म्हणतो.

नांगर टाकण्याबद्दल थोडं. पाण्यातले काळपट पट्टे म्हणजे पोसिडोनिया हे समुद्रगवत. नांगर त्यावरून घसरतो, आणि गवत उपटलं जातं ते वेगळंच. फिकट पट्टा म्हणजे वाळू, तिथेच टाकायचा. सहा मीटर खोली आणि पाण्यापासून डेकची उंची दीड मीटर धरली तर साडेसात. त्याच्या चौपट म्हणजे तीस मीटर साखळी, वारं असेल तर पाचपट. मग इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू वाढवत नेऊन अर्धा मिनिट धरायचं, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत पकडायच्या, आणि मास्क लावून नांगर बघून यायचा. पाणी इतकं नितळ असतं की दिसतोच. शेवटी स्नबर, म्हणजे हुक असलेली नायलॉनची दोरी, साखळीला लावून क्लीटला बांधायची, नाहीतर रात्रभराचे झटके त्या बिचाऱ्या विंडलासच्या गिअरवर. साखळीवरचे दहा-दहा मीटरचे रंग बहुतेक बोटींवर उडालेले असतात. प्लास्टिकच्या केबल-टायचं पाकीट बरोबर न्या, खुणा करायला बरं पडतं. ह्वार बेटावर स्टारी ग्रादच्या आखातातली टिहा खाडी या कामाला झकास, अनेक फाटे आहेत, गर्दीतही जागा मिळते.

वारं ओळखायला मात्र शिका, स्किपर असला तरी. उन्हाळ्यात वायव्येकडून माएस्ट्राल येतो: आपल्या कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यासारखा, अकराच्या सुमाराला सुरू, सूर्यास्ताला पडतो. हा सुट्टीचा वारा. युगो आग्नेयेकडून, दोन-तीन दिवस चढत जातो, ढग आणि मोठ्या लाटा घेऊन. त्याची चाहूल आधी लागते. बुरा ईशान्येकडून डोंगरावरून कोसळतो, आकाश निरभ्र असताना, झटक्यांनी. बुराच्या अंदाजात उत्तरेला तोंड असलेल्या खाडीत रात्र काढायची नाही. हवामान व्हीएचएफवर सतत चालू असतं, स्प्लिटच्या टापूत चॅनल ६७. मरीनाला हाक मारायला १७.

मार्गाबद्दल एकच मत: विस बेटावर जाच. १९८९पर्यंत ते युगोस्लाव्ह सैन्याचा तळ म्हणून परदेशी लोकांना बंद होतं, त्यामुळे हॉटेलांची रांग उभी राहिली नाही. विसहून स्प्लिटकडे परतताना माएस्ट्राल बाजूने मिळतो आणि बोट खऱ्या अर्थाने शिडावर पळते. विसजवळच्या बिशेवो बेटावरच्या निळ्या गुहेत मोठी बोट जात नाही, तिकीट काढून छोट्या होडीतून जायचं. उजेड सकाळी अकरा-बाराला चांगला. रांग बघून परत फिरलात तरी काही बिघडत नाही.

टॉयलेट. हाताने पंप मारायचं, समुद्राच्या पाण्याचं. खटका ओल्या बाजूला करून दहा-पंधरा वेळा, मग कोरड्या बाजूला तितक्याच वेळा, आणि निघताना खटका कोरड्या बाजूलाच, नाहीतर भांडं आपोआप भरत राहू शकतं. खाल्लेल्या अन्नाशिवाय आत काही टाकायचं नाही, टिश्यूसुद्धा नाही. आपल्या लोकांची सोय म्हणजे बेसिनचा ओढून काढता येणारा शॉवर. पण ते टाकीतलं गोडं पाणी. साडेतीनशे लिटर पाणी आठ जणांना जेमतेम दोन-तीन दिवस पुरतं. शिवाय ते भांड्यात जातं म्हणजे मैल्याच्या टाकीत जातं, आणि ती जेमतेम चाळीस-पन्नास लिटरची. रोज किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्रात गेल्यावर तिचा कॉक उघडायचा, आणि खाडीत शिरण्यापूर्वी आठवणीने बंद. एका माणसाकडे हे काम ठरवून द्या.

स्वयंपाक जमतो. दोन-तीन बर्नरचा गॅस, हेलकाव्याबरोबर झुलणारा; तीन लिटरचा कुकर त्याच्या क्लिपांत बसतो आणि गॅस वाचवतो. भारतातून येताना तूप, पेढे, पनीर आणू नका: युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. मसाले, डाळी, पोहे चालतात. शाकाहारी मंडळींनी ब्लिट्वा, म्हणजे बटाट्याबरोबरची पालेभाजी, आणि सोपार्निक, म्हणजे पालेभाजी भरलेली पोळी, मागावं. विसची पोगाचा दिसायला भरली पोळी, पण आत छोटे खारवलेले मासे असतात. पेका, म्हणजे निखाऱ्यांखाली झाकून शिजवलेलं ऑक्टोपस किंवा कोकरू, काही तास आधी फोन करून सांगावी लागते.

शुक्रवारी दुपारी सगळ्या बोटी एकदम कंपन्यांच्या तळांकडे निघतात आणि मुख्य पंपांवर डिझेलसाठी तासभराच्या रांगा लागतात. शोल्टा बेटावर रोगाचला पंप आहे, तिथे सकाळीच टाकी भरून पावती घ्यायची. तिथून काश्तेलापर्यंत लागलेलं डिझेल किरकोळ असतं. संध्याकाळी सहापर्यंत बोट धक्क्याला, मग डायव्हर बोटीची खालची बाजू आणि पंखा तपासतो. तपासणीच्या वेळी आपल्यापैकी एक जण तिथे उभा हवा, आणि विंडलास परत एकदा त्यांच्याच माणसाकडून, इंजिन चालू ठेवून, चालवून घ्यायचं. 'सर्व ठीक' या शेऱ्याखाली त्यांची सही झालेला कागद फोनमध्ये टिपल्याशिवाय विमानतळाची टॅक्सी बोलावू नका.