तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातलं डायलिसिस सेंटर, चौदा महिन्यांचा अनुभव

पाचपैकी चार स्टार देतो. एक काहून कापला ते खाली पाण्याच्या गोष्टीत येईलच. दवाखान्याचं नाव टाकत नाही, कारण बाबाला आठवड्यातून दोनदा त्याच बेडवर झोपायचं आहे अन् मला त्याच लोकांचं तोंड पाहायचं आहे.

आमचं गाव पूर्णाकाठचं, खारपाण पट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. बाबा ६८ वर्षांचे, पाच एकर कोरडवाहू, कपाशी तूर. बीपी दहा वर्षांपासून, पण गोळी मनात आली तं घ्यायची. "डोकं दुखत नाही तं गोळी कायले खाऊ" हे त्यांचं ठरलेलं. कंबर दुखली की मात्र किराणा दुकानातून दुखण्याची गोळी, सोंगणीच्या दिवसांत तं दिवसाला दोन-दोन. मागच्या साली पायावर सूज आली, लघवीला फेस, सकाळी मळमळ, अंगाला खाज, अन्न पाहिलं की तोंड फिरवायचे. आम्हाला वाटलं कावीळ असेल. एका गावाहून काढा आणला, त्यात महिना गेला. शेवटी रक्त तपासलं तं लॅबवाल्या पोरानं रिपोर्ट प्रिंट करायच्या आधीच फोन लावला, दादा आजच्या आज घेऊन जा म्हणे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची रक्तातली घाण, ९.८. नॉर्मल माणसाचं सव्वाच्या आत असते.

गावात सगळे म्हणतात खाऱ्या पाण्यानं किडनी गेली. आमच्याकडे घरोघरी किडनीची गोष्ट आहे त्यामुळं म्हणतीलच. डॉक्टरनं मात्र पाण्यावर एकदम बोट ठेवलं नाही, त्यांनी आधी बीपी विचारला, शुगर विचारली, मग दुखण्याच्या गोळ्या विचारल्या, अन् आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं पाहात राह्यलो. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या साडेसात सेंटीमीटरच्या निघाल्या, असायला पाहिजे दहा ते बारा. आकसल्या म्हणजे दुखणं जुनं आहे, आता परत भरत नाहीत. मुतखडा माणसाला जमिनीवर लोळवते म्हणून दुसऱ्या दिवशी तपासणी होते, बीपीनं किडनी जाते तेव्हा चिमटाही बसत नाही.

पहिला महिना आम्ही मोठ्या शहरात खाजगीत काढला. डायलिसिससाठी, म्हणजे मशीनवर रक्त साफ करायसाठी, मानेत नळी टाकली, एका वेळचे १८०० रुपये अन् गाडीभाडं वेगळं, तुरीचे पैसे तीन आठवड्यात साफ. तिथं टीव्ही होता, चकचकीत फरशी होती, पण दोनदा मानेच्या नळीतून इन्फेक्शन होऊन बाबा मशीन लागताच थडथड कापले. मग कोणीतरी सांगितलं की तालुक्यालाच सरकारी सेंटर आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होते, रेशन कार्ड अन् आधार घेऊन जा. खोटं वाटलं होतं. पण झालं, चौदा महिन्यांत डायलिसिसचा एक रुपया लागला नाही.

आता सेंटरबद्दल. पाच मशीन आहेत, त्यातली एक वेगळ्या खोलीत, हिपॅटायटिस-बी ही कावीळ असलेल्या पेशंटसाठी. ती दुसऱ्या कोणाला कधीच लावत नाहीत, कितीही गर्दी असो. मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं. आल्याबरोबर वजन, जाताना परत वजन. दोन डायलिसिसच्या मधात जितकं वजन वाढलं तितकं अंगात पाणी साचलं असं धरतात, अन् तेवढं मशीन काढते. खाजगीत घाईनं एकाच वेळी साडेतीन किलो काढायचे, बाबाच्या पोटऱ्यात गोळे यायचे, बीपी पडायचा, घरी येऊन दुसऱ्या दिवशीपर्यंत मुडद्यासारखे पडून. इथल्या टेक्निशियन भाऊनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "काका, तुमी पाणी कमी प्या, मी पाणी कमी काढतो, दोघंही सुखी राहू." दोन वेळच्या मधात दोन किलोच्या आत ठेवा म्हणे. तेव्हापासून डायलिसिस करून बाबा बसस्टँडवर पायी येतात.

या भाऊसाठीच खरं तं मी हे लिहून राह्यलो. मोठ्या दवाखान्यात चौदा जणांनी तपासलं पण किडनी करते काय हे कोणी सांगितलं नव्हतं. यानं मशीन चालू असताना उभ्या उभ्या सांगितलं. आम्हाला वाटायचं किडनी म्हणजे चाळणी. तो म्हणे चाळणी नाही, आई कशी कोठी साफ करते, सगळं धान्य बाहेर काढून निवडून चांगलं परत भरते, तसं आहे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटर पाणी रक्तातून गाळून बाहेर काढतात, अन् त्यातलं जवळपास सगळं, कामाचं मीठ, साखर, पाणी, परत आत ओढून घेतात, उरते दीड-दोन लिटर, ती लघवी. एकेका किडनीत दहा लाखाच्या आसपास बारीक गाळण्या, त्याले नेफ्रॉन म्हणतात. वरून बीपी सांभाळायचा, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामाचं बनवायचं, अन् रक्त बनवायचा हुकूम द्यायचा तोही किडनीनंच. म्हणून बाबाचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं, आम्ही वेड्यासारखे बीट अन् गूळ खाऊ घालत होतो.

मशीनला यातलं फक्त गाळणं जमते. हातभर प्लास्टिकच्या नळकांड्यात हजारो केसासारख्या पोकळ नळ्या, आतून रक्त जाते, बाहेरून औषधी पाणी उलट दिशेनं जाते, घाण मधल्या भिंतीतून पाण्यात उतरते. खरी किडनी आठवड्याचे १६८ तास चालते अन् बाबाला मिळतात आठ. खरं म्हणजे आठवड्यातून तीनदा पाहिजे, बारा तास. आमच्याकडे नंबर दोनचाच लागतो कारण यादी मोठी आहे. त्यामुळं बाकीचं सगळं पथ्यावर.

हाताचा फिस्टुला जिल्ह्याच्या ठिकाणी करून आणला. धमनी अन् शीर जोडतात, मग ती शीर फुगून जाड व्हायला दीड-दोन महिने लागतात, तेव्हा कुठं सुया टोचता येतात. हात लावला की आत घुर्रघुर्र लागते, मांजर कुशीत घेतल्यासारखं. रोज सकाळी हात लावून पाहायचं, घुर्रघुर्र बंद झाली तं त्याच दिवशी पळायचं. त्या हातावर बीपी नाही, सलाईन नाही, पोतं उचलणं नाही, कुशीखाली घेऊन झोपणं नाही. सिस्टर दर वेळी जागा थोडी बदलून टोचतात, एकाच ठिकाणी टोचून टोचून शीर फुग्यासारखी झालेले पेशंट मी पाहिले आहेत.

आता पाणी. एका डायलिसिसला १२० लिटरच्या आसपास पाणी लागते. आपण पितो ते पोटातून गाळून जाते, हे पाणी मात्र एका पातळ पडद्यापलीकडून रक्ताला लागून वाहते, त्यामुळं ते पिण्याच्या पाण्याहून कितीतरी शुद्ध पाहिजे. नळाच्या पाण्यातलं साधं क्लोरीनही रक्तात गेलं तं रक्तातल्या पेशी फुटतात. अन् आमच्याकडचं बोअरचं पाणी असं की चहा फाटते. म्हणजे या सेंटरचा सगळा जीव त्या मागच्या खोलीतल्या आरओ प्लँटमध्ये, अन् तोच मे महिन्यात नऊ दिवस बंद होता! मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळायचा पडदा, चोंदलं, बदलायची फाईल कुठंतरी अडली. टेक्निशियननं खराब पाण्यावर मशीन चालवली नाही हे बरंच केलं, त्यासाठी त्याले सलाम, पण आम्हाला कोणी आधी सांगितलं नाही. ४५ डिग्री उन्हाच्या दिवसांत सकाळी सात वाजता पोचलो अन् दाराला कागद चिकटलेला. बाबाचा श्वास भरून आला होता, गाडी करून जिल्ह्याला पळवलं. पेशंटचे फोन नंबर रजिस्टरात आहेत, एक फोन लावायला काय जाते बाप्पा. एक स्टार तिथं गेला, अन् अर्धा अजून जाणार होता, कारण किडनीचे स्पेशालिस्ट महिन्यातून एकदाच येतात अन् हिमोग्लोबिनचं इंजेक्शन बऱ्याचदा बाहेरून आणावं लागते. पण दोन्हीत या पोरांचा दोष नाही म्हणून कापला नाही.

पथ्याचं सांगतो, कारण मराठीत लिहिलेला कागद कोणी देत नाही. आईनं चांगुलपणानं दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलं, वर लिहिलेलं बीपीसाठी उत्तम. बाबाच्या रक्तातलं पोटॅशियम वाढून ६.४ निघालं. भाऊनं आईला विचारलं, "मावशी, मीठ कोणतं वापरता?" पुडा आणून दाखवला तं त्यानं कपाळाला हात लावला. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असते, बीपीवाल्या धडधाकट माणसाला ठीक, किडनी गेलेल्याला विष, हृदय बंद पडू शकते. पोटॅशियममुळंच नारळपाणी बंद, केळी बंद, टमाटे कमी, भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. अन् संत्रं बंद. माझी बहीण वरुडकडे दिली आहे, दर वर्षी मृग बहाराची पेटी येते. बाबा अजूनही पेटी स्वतः उघडतात, सोलून नातवाले देतात अन् सालीचा हात नाकाजवळ नेतात. एका फोडीवरून आईचं अन् त्यांचं भांडण ठरलेलं आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सकाळची शिफ्ट मागा, दुपारची घेतली तं शेवटची एसटी चुकते. पांघरूण घरूनच न्या, एसी थंड आहे अन् रक्त बाहेर फिरून येते तेव्हा पेशंटला हुडहुडी भरते. नातेवाईकांसाठी बाहेर एकच बाकडं आहे, त्याचा एक पाय मोडका, भिंतीकडून बसा. अन् हिरव्या पडद्याजवळच्या मशीनवर नंबर लागला तं नाही म्हणू नका, तिचा अलार्म उगाच वाजते, पहिल्या दिवशी माझ्याच छातीत धस्स झालं होतं, आता बाबा तिच्या आवाजात घोरतात.