पाचगणीचं टँडम पॅराग्लायडिंग: घाटात गाडी चालवलेल्या माणसाचा अनुभव

पाचगणीत ज्यांच्याकडून टँडम, म्हणजे एकाच ग्लायडरला पायलटसोबत जोडीने, उडालो त्यांना मी पाचपैकी साडेचार देतो. आणि यातला मोठा वाटा त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला उडवलं नाही, त्याचा आहे.

मी एसटीत चालक होतो. वाई-महाबळेश्वर रस्त्यावर, म्हणजे पसरणीच्या घाटात, माझी बरीच नोकरी गेली. कराडला कॉलेजात शिकणाऱ्या नातीने हट्ट धरला, "आबा, तुम्हीपण चला." मलाही तो घाट एकदा वरून बघायचा होता.

डिसेंबरातली दुपार. आम्हाला हॅरिसन्स फॉलीच्या पठारावर बोलावलं होतं. पायलट तिशीतला, खालच्या गावातलाच पोरगा. आमच्याशी दोन शब्द बोलून तो कड्याच्या टोकाला गेला. हातातल्या यंत्रावर वारा बघितला, विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, बघितला, मग नुसताच खालच्या झाडांकडे बघत राहिला. परत आला आणि म्हणाला, "काका, आज नको. वारा ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर जातोय आणि मध्येच झटका मारतोय." शेजारी दुसऱ्यांच्या ग्लायडरच्या छत्र्या उडत होत्या. नातीने तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "ते त्यांचं बघतील, ताई. मी तुम्हाला नाही नेणार." आगाऊ भरलेले पैसे तिथेच फोनवर परत केले.

कारण त्याने नीट समजावून सांगितलं. ग्लायडरचा स्वतःचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर. वारा समोरून कड्यावर आपटतो आणि वर चढतो, त्या चढत्या हवेवर ग्लायडर तरंगतं. पण समोरचा वारा ग्लायडरच्या वेगाइतका झाला की माणूस हवेत जागच्या जागी उभा राहतो आणि त्याहून वाढला की मागे ढकलला जातो. कड्याच्या मागच्या बाजूला तोच वारा गरगरत खाली येतो. तिथे सापडलं की छत्री मिटू शकते. दुपारी आणखी एक भानगड असते. इथला जांभ्याचा कातळ तापतो, त्यावरची गरम हवा मध्येच उसळते आणि नवख्या माणसाला धक्के बसतात. गोव्यात समुद्रकाठच्या कड्यांवरही हे लोक उडतात. समुद्रावरून येणारा वारा सपाट पाण्यावरून येतो, त्यामुळे तो बराच एकसारखा असतो. आपल्या सह्याद्रीत तो डोंगर, दऱ्या, धरणाचं पाणी असं सगळं ओलांडत येतो. म्हणून पाचगणीत वारा कुठल्या अंगाने आहे ते पाहून कडा ठरवतात. कधी हॅरिसन्स फॉली, कधी भिलारची बाजू, कधी खिंगर. "आम्हाला अमुकच ठिकाणाहून उडवा" असा आग्रह धरू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन आला, "या, मस्त वारा आहे."

हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायची पट्ट्यांची बैठक, चढवताना मी सगळं डोळ्यांत तेल घालून बघितलं. मांड्यांचे दोन पट्टे, छातीचा पट्टा, दोन्ही बाजूंचे कॅराबिनर (हार्नेस छत्रीला अडकवायच्या धातूच्या कड्या), हेल्मेटचं बक्कल. प्रत्येक ठिकाणी त्याने हात लावून, तोंडाने मोठ्याने म्हणत तपासणी केली आणि मग त्याच्या जोडीदाराने पुन्हा तेच केलं. रिझर्व्ह पॅराशूट, म्हणजे अडचणीत उघडायची राखीव छत्री, कुठे आहे ते मी विचारलं. त्याने ते दाखवलं आणि शेवटचं कधी उघडून परत घडी केलं तेही सांगितलं. हे दोन प्रश्न तुम्हीही विचारा. चांगला माणूस चिडत नाही.

पळायचं म्हणजे खरंच पळायचं. छत्री डोक्यावर आली की तो ओरडतो, "पळा, पळा, बसू नका!" पुष्कळजण इथे घाबरून बसकण मारतात. चार-पाच पावलांत पायाखालची जमीन गेली.

मग पसरणीचा घाट दिसला. ज्या वळणांवर मी समोरच्या गाडीचा नुसता हॉर्न ऐकून स्टेअरिंग धरलं, ती सगळी वळणं एकदम, वरच्या टप्प्यापासून खालपर्यंत. लाल बस चढत होती. पलीकडे धोमचं पाणी, कृष्णेचा पट्टा, वाई, पांडवगड. २०२५ च्या फेब्रुवारीत पसरणीचा एक विद्यार्थी परीक्षेला उशीर होईल म्हणून इथूनच उडून खाली उतरला होता, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. घाट असा खाली पसरलेला बघितल्यावर त्या पोराला हे का सुचलं ते लगेच पटलं.

पायलटच्या हातात दोन ब्रेक असतात. उजवा ओढला की उजवीकडे वळतं, दोन्ही ओढले की वेग कमी होतो. मी म्हटलं, अगदीच जोरात ओढले तर? तो म्हणाला, "मग उडणंच थांबतं, काका." छत्री पुढे जाताना समोरून आत शिरणारी हवाच तिला फुगवून ठेवते, वेग गेला की आधार गेला. आयुष्यभर ब्रेकवर विसंबून घाट उतरलेल्या माणसाला हे ऐकून अंगावर काटा आला. त्याचा हात किती हलका होता ते मग मी सबंध वेळ बघत राहिलो. जरा इकडे, जरा तिकडे, इतकंच.

हँग ग्लायडर वेगळं, हे लक्षात असू द्या. त्याला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो आणि माणूस पालथा लटकतो. ते जास्त वेगाने आणि जास्त लांब जातं. पॅराग्लायडरला सांगाडा नाही, आपण खुर्चीत बसल्यासारखे बसतो, आणि सगळं पाठीवरच्या पिशवीत मावतं.

खाली कापणी झालेल्या रानात उतरलो. पाय पुढे घ्यायला सांगितलं होतं, तसे घेतले, हलकेच टेकलो.

अर्धा गुण कापला तो जीपसाठी. उतरल्यावर वर न्यायला गाडी येईपर्यंत पाऊण तास उन्हात बसलो. पाणी नाही, सावली नाही. वर टेकऑफलाही बायकांसाठी काहीच सोय नाही, नातीला हॉटेलपर्यंत मागे जावं लागलं. माणशी अडीच हजार घेता तर एक ताडपत्री आणि पाण्याचा जार ठेवायला काय हरकत आहे? व्हिडिओचे पाचशे वेगळे, ते घेतले नाहीत तरी चालतं.

कंपनीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ही पोरं हंगामागणिक इकडून तिकडे जातात. बुकिंग करताना "पायलट कोण, किती वर्षं उडतोय, वारा नसला तर पैसे परत का" एवढं विचारा. पावसाळ्यात कोणी हो म्हणालं तर फोन ठेवून द्या. सकाळची वेळ मागा, घोट्यापर्यंतचे बूट घाला, आणि एक दिवस हाताशी जास्त ठेवा, म्हणजे "आज नको" ऐकल्यावर त्या पोराशी भांडायची वेळ येणार नाही.