अठरा बोल्टांचे पैसे घेतले, लावले सहाच

फायबरची छोटी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) ज्यांच्याकडे आहे आणि जे तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, दुरुस्त करून घेणार आहेत, त्यांनी कृपया पैसे देण्याआधी हे वाचा.

आमच्या कॅराव्हॅनची चासी गंजली होती. बॉडी उचलून गंजके आडवे चॅनेल बदलायचे आणि बॉडी परत बसवायची, हे काम मी भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरला दिलं. १८ ठिकाणी १० एमएमचे आरपार बोल्ट, फरशीवर आतून स्टीलच्या पट्ट्या, खाली नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहजी सैल न होणारे), मधे रबर, असं ठरलं. पट्टी हवीच. फायबरला एका जागी आलेला ताण सोसत नाही. छोट्या वॉशरवर बोल्ट आवळला की भोकाभोवती चिरा जातात. एकूण ४८,००० रुपये, निम्मे आगाऊ.

बॉडी चेन ब्लॉकला (साखळीच्या कप्पीला) टांगलेली असताना बघायला येतो म्हटलं, तर म्हणाला, "साहेब, लटकत्या वजनाजवळ कशाला येता? झालं की फोन करतो." मला वाटलं, माझ्या काळजीपोटीच म्हणतोय. फोन आला तोवर बॉडी बसली होती, आत मॅट चिकटवलं होतं आणि खाली गंज रोखणारं काळं अंडरकोटिंग मारलं होतं. बाकांखाली बोल्टची डोकी मोजली, १८ भरली. उरलेले पैसे तिथेच दिले.

पुढच्याच आठवड्यात वाईला निघालो. खंबाटकी घाट चढताना मागून करकर ऐकू येऊ लागली. घाट संपल्यावर थांबलो, तर पुढच्या कोपऱ्यात बॉडी आणि चासीमध्ये बोटभर फट. पंक्चरवाला मुलगा बॅटरी घेऊन खाली शिरला आणि म्हणाला, "काका, इथे नटच नाहीत." काळा थर खरवडला. खरे बोल्ट सहा. बाकी बारा ठिकाणी नुसती कापलेली डोकी एपॉक्सी पुट्टीने वरून चिकटवलेली. चॅनेलही दोनच नवे, इतरांच्या गंजावरच रंग. घाटात आमच्या मागे एक बाई लहान मुलाला पुढे बसवून स्कूटरवर होत्या. ती बॉडी सुटली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून झोपू देत नाही.

कॅराव्हॅन तिथून ओढलीच नाही, फ्लॅटबेड ट्रकवर चढवून आणली. फॅब्रिकेटर म्हणाला, "खराब रस्त्यावर नेली असणार. पावती दाखवा." पावती नव्हती. पण १८ बोल्टांचा हिशेब त्याच्याच मेसेजमध्ये होता आणि आगाऊ रक्कम यूपीआयने गेली होती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

काम आता दुसऱ्या कारागिराकडून करून घेतलं. त्याचे दोन दिवस सांध्यांतलं जुनं सिलिकॉन सीलंट खरवडण्यातच गेले, कारण सिलिकॉनवर दुसरं सीलंट धरत नाही. या वेळी मॅट टाकण्याआधी मी स्वतः खाली शिरलो, प्रत्येक नटाला पाना लावून पाहिला आणि नटापासून चॅनेलपर्यंत मार्करची रेघ ओढली. नट फिरून सैल झाला तर ती रेघ तुटलेली दिसते. ५०० किलोमीटर झाले की त्या रेघा तुटल्यात का ते बघायला परत खाली शिरणार आहे.