डोमेन प्रायव्हसी: नूतनीकरणाचं बिल आल्यानंतरचं मत

पहिल्या वर्षी फुकट असलेली ‘प्रायव्हसी’ (डोमेनच्या जाहीर नोंदीतलं मालकाचं नाव-पत्ता झाकणारी सेवा) नूतनीकरणाला डोमेनच्या जवळपास निम्म्या किमतीला लागली. सांगलीतल्या बेदाणा पेढीची साईट, एक डॉट-कॉम, एक डॉट-इन. बिलात दोन्हींवर ही ओळ. डॉट-इनवर प्रॉक्सी नोंदणीला, म्हणजे मालकाऐवजी दुसऱ्याचं नाव दाखवायला, निक्सीची (डॉट-इन चालवणारी संस्था) परवानगीच नाही, मग पैसे कशाचे? सपोर्टवाला म्हणे, “सर, सिक्युरिटी फीचर आहे.” बरंच भांडल्यावर ओळ गेली.

डॉट-कॉमवरही पैसे घालवू नयेत, हे पहिलं मत. मे २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक रजिस्ट्रार (डोमेन विकणाऱ्या कंपन्या) नाव, पत्ता, फोन आपणहून झाकतात. प्रायव्हसी बंद करा, आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या लुकअपवर डोमेन टाका. ‘रिडॅक्टेड’ (झाकलेलं) दिसलं की पैसे वाचले. (डॉट-कॉमसारख्या डोमेनवर मालकाची नोंद दाखवणाऱ्या जुन्या ‘हूइज’ पद्धतीची सक्ती २८ जानेवारी २०२५ ला संपली, आता तिच्या जागी आरडॅप, तपासायची रीत तीच.)

पण तिथेच एक रकाना उघडा दिसू शकतो: ऑर्गनायझेशन (संस्थेचं नाव). राज्य आणि देश दिसले तर बिघडत नाही, महाराष्ट्रात कोण शोधत बसणार? या रकान्यात मात्र लोक मालकाचं पूर्ण नाव, पेढी, कधी गल्लीसुद्धा भरतात. विश्रामबागेतल्या राहत्या घरातून धंदा असेल तर एवढ्यावर घर सापडतं. एकट्याचा धंदा असेल तर हा रकाना कोरा ठेवा. भागीदारी असेल तर मुळीच कोरा ठेवू नका. तो भरला की डोमेनची धारक संस्था. कोरा असला की ज्याचं नाव त्याचं डोमेन, आणि भागीदार फुटले की रडारड.

नंतर बदलायचा तर अडचण वेगळी. डॉट-कॉमचं नाव, ऑर्गनायझेशन किंवा ईमेल बदलला की दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर ६० दिवस अडकू शकते. रजिस्ट्रार सोडायचा असेल तर आधी ट्रान्सफर, मग दुरुस्ती. पडताळणीचा मेल आला तर १५ दिवसांत लिंक दाबा, नाहीतर डोमेन बंद पडतं. एकदा उघडी राहिलेली नोंद जुन्या हूइजचे साठे करणाऱ्यांकडे कायमची राहते, म्हणून हे सगळं नोंदणीच्या फॉर्मवरच उरका.

प्रायव्हसीने न झाकली जाणारी एक गळती होस्टिंगच्या एसओए रेकॉर्डमध्ये (डोमेनची कोणालाही वाचता येणारी तांत्रिक नोंद) असते. काही पॅनेल तिथे खातेदाराचा ईमेल टाकतात. त्यातला पहिला ठिपका म्हणजे ‘ॲट’ समजून वाचा; स्वतःचा जीमेल निघाला तर होस्टिंगवाल्याकडून बदलून घ्या.

‘साईट बनवून देतो’वाले फोन यानंतरही येतातच. त्यांच्याकडचा नंबर बहुधा आपल्याच संपर्क पानावरचा असतो. तिथे बँकेच्या ओटीपीचा नंबर नको, दुकानाचं वेगळं सिम द्या. आणि ऑटो-रिन्यू फक्त प्रायव्हसीचं बंद करा, डोमेनचं चालू राहू द्या. दोन्हींची बटणं बऱ्याचदा एकाखाली एक असतात.