कॅमेरा लॅपटॉपला जोडायचा: केबल घ्यावी, वाय-फायवर भागवावं, की एफटीपी?

मागच्या महिन्यात नागपुरातल्या मनीषनगरचा एक ओळखीचा पोरगा घरी आला. गांधीबागच्या एका साडीवाल्याच्या कॅटलॉगचं काम त्याला भेटलं होतं आणि शेटजींची अट एकच, फोटो निघाला की लगेच मोठ्या स्क्रीनवर दिसला पाहिजे, म्हणजे पदराचा रंग बरोबर आला का ते तिथल्या तिथं कळते. तर हा विचारून राहिला की दादा, केबलवर पैसे काहून घालू, कॅमेऱ्यात वाय-फाय आहेच ना, फुकटात होते. म्हटलं बस, चहा घे, हे दोन मिनिटाचं उत्तर नाही. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतो, कारण दर लग्नसराईच्या आधी कोणी ना कोणी हेच विचारते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एका खोलीत, स्टँडवर, टेबलावर काम असेल तर केबल, विचारच करू नका. हिंडतफिरत शूट असेल आणि फक्त जेपीजी (दाबून लहान केलेली फोटोची फाइल) दाखवायचे असतील तर वाय-फाय. वाय-फायमधेही दोन रस्ते आहेत, एक कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरचा आणि दुसरा एफटीपीचा, म्हणजे कॅमेरा स्वतःच नेटवर्कवरून लॅपटॉपला फाइल पाठवतो तो. दुसऱ्याचं नाव ऐकूनच लोक घाबरतात, पण सगळ्यात कमी भांडणं त्याचीच असतात.

स्पीडचा हिशोब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातला कच्चा, जड फोटो) साधारण २५ ते ३० एमबीची. जुनी यूएसबी २ सुद्धा कागदावर ४८० मेगाबिट देते, हातात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास पडतात, म्हणजे क्लिक केलं की सेकंदाभरात फोटो स्क्रीनवर. बऱ्याच कॅमेऱ्यांचं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं (वाय-फायचा गर्दीचा पट्टा) आणि आजूबाजूच्या प्रत्येक फ्लॅटमधे एक राउटर, अशात सेकंदाला दोन-तीन एमबी आले तरी खूप झालं. म्हणजे एका रॉसाठी दहा-बारा सेकंद, तोपर्यंत मॉडेलनं तीन पोझ बदलल्या आणि शेटजी अजून पहिलीच साडी पाहून राहिले. ८ एमबीचा जेपीजी तीन-चार सेकंदात येतो, ते चालते. म्हणून वाय-फायवर जायचं तर रॉ कार्डात ठेवा आणि जेपीजी तेवढे पाठवा, सोनीत तशी सेटिंग आहे. त्याच मेनूत फोटो फक्त पीसीवर ठेवायचा की पीसी आणि कॅमेरा दोन्हीकडे हेही असते, तिथं दोन्ही ठेवा. फक्त पीसी ठेवलं तर कार्डात काहीच उरत नाही.

आता खरा विषय, भांडणं. कॅमेरा एका वेळी एकाच सॉफ्टवेअरचा असतो, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत तसंच. हे नव्वद टक्के लोक विसरतात (टक्का माझ्या अंदाजाचा) आणि केबल, राउटर, कॅमेरा सगळ्यांवर संशय घेतात.

केबलवालं भांडण कसं होते ते पाहा. कॅननचा कॅमेरा लावला की ईओएस युटिलिटी हे कॅननचंच सॉफ्टवेअर आपोआप उघडते आणि कॅमेरा ताब्यात घेते, मग लाइटरूम (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) म्हणते कॅमेरा सापडत नाही. मॅकवर हेच काम त्यातलंच फोटोज किंवा इमेज कॅप्चर हे अॅप करते. लॉकडाऊनमधे कोणी कॅमेऱ्याला वेबकॅम बनवणारं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर तेही रांगेत उभं असते. यावर उपाय म्हणजे सगळं बंद करा, नुसती खिडकी नाही, खाली घड्याळाजवळचे बारके आयकॉनपण, मग कॅमेरा बंद करून चालू करा आणि ज्यात काम करायचं तेच एक सॉफ्टवेअर उघडा. एवढंच. आणि पुढच्या वेळी वैताग नको असेल तर आपोआप उघडायची सेटिंगच काढून टाका.

एक भांडण तर केबल आणि वाय-फाय या दोघांमधलंच आहे. कॅननच्या ६डी, ७०डीसारख्या मॉडेलमधे मेनूत वाय-फाय चालू ठेवलं की केबल चालतच नाही, मॅन्युअलमधेच लिहून आहे. सेकंडहँड बॉडी घेणारे इथंच फसतात, पोर्ट खराब निघाला म्हणून विकणाऱ्याशी भांडायला जातात. पहिले मेनू पाहा, मग भांडा.

वाय-फायवालं भांडण जास्त चिवट, कारण दिसत काहीच नाही, नुसतं गोल गोल फिरत राहते. माझंच सांगतो. रामदासपेठेतल्या एका घरगुती कार्यक्रमात मी टीव्हीवर फोटो दाखवायचं कबूल करून बसलो होतो. घरी चारदा करून पाहिलेलं, तिथं काही केल्या लॅपटॉपला कॅमेरा सापडेना, राउटर दोनदा बंद-चालू केला, पासवर्ड परत टाकला, घाम फुटला तो वेगळाच. शेवटी लक्षात आलं की माझ्याच खिशातल्या फोनमधलं कॅमेऱ्याचं अॅप ब्लूटूथवरून जागं होऊन कॅमेरा स्वतःकडे ओढून घेत होतं. फोनचं ब्लूटूथ बंद केलं, अर्ध्या मिनिटात फोटो आला. तेव्हापासून पहिले स्वतःचा खिसा तपासतो, मग राउटर.

खिशात काही नसेल तर दुसरा संशयित म्हणजे विंडोज. नवीन नेटवर्क दिसलं की विंडोज त्याला पब्लिक समजते आणि फायरवॉल (बाहेरून येणारं कनेक्शन अडवणारा पहारेकरी) दार लावून घेते. कॅमेरा आणि सॉफ्टवेअर एकमेकांना नेटवर्कवर हाका मारून शोधतात आणि मग पीटीपी-आयपी नावाच्या पद्धतीनं बोलतात, त्याचा ठरलेला पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा दाराचा नंबर, १५७४०. नेटवर्क प्रायव्हेट करा, त्या सॉफ्टवेअरला फायरवॉलमधे परवानगी द्या, पण फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नका. ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करा. मॅकवर २०२४ च्या सिक्वोया व्हर्जनपासून लोकल नेटवर्कची वेगळी परवानगी मागतात, घाईत तिथं नाही दाबलं असेल तर दिवसभर बसा शोधत.

तिसरा राउटर. हॉलचं किंवा हॉटेलचं गेस्ट वाय-फाय असेल तर त्यात एका डिव्हाइसला दुसरा दिसू नये अशीच सोय असते, तिथं कितीही डोकं आपटलं तरी होणार नाही, आपला राउटर न्या. कॅमेरा जुना असेल आणि राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर (वाय-फाय पासवर्डची नवीन सुरक्षा) असेल तर जोडणारच नाही, डब्ल्यूपीए२ ठेवा. २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच घ्या, बाकीचे एकमेकांवर चढतात.

कोण दोषी ते पटकन कळायची एक युक्ती सांगतो. फोनचा हॉटस्पॉट २.४ वर चालू करा (आयफोन असेल तर मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी चालू ठेवा) आणि कॅमेरा, लॅपटॉप दोन्ही त्याच्यावर जोडा. फोटो आला म्हणजे राउटरची चूक, नाही आला तर बहुतेक लॅपटॉपची. हे पाच मिनिटात होते आणि अर्धी शोधाशोध वाचते.

राउटरच नको म्हणून काही जण कॅमेऱ्याच्याच वाय-फायला लॅपटॉप थेट जोडतात. चांगलं आहे, पण इंटरनेट जाते आणि थोड्या वेळानं विंडोज गुपचूप घरच्या ओळखीच्या नेटवर्कवर परत जाते, मग म्हणा कनेक्शन तुटून राहिलं. त्या नेटवर्कचं आपोआप जोडणं तेवढ्यापुरतं बंद करा.

लाइटरूमवाल्यांसाठी वेगळं. लाइटरूम क्लासिकचं थेट टेदर, म्हणजे कॅमेऱ्यातून फोटो सरळ आत घेणं, केबलवरच आहे. वाय-फायवर काम करायचं तर कंपनीच्या सॉफ्टवेअरनं फोटो एका फोल्डरमधे उतरवायचे आणि लाइटरूमच्या ऑटो इम्पोर्टला (फोल्डरमधे पडलेला फोटो आपोआप आत घेणारी सोय) तो फोल्डर दाखवायचा. यात एक फट आहे जिच्यात सगळे पडतात. ऑटो इम्पोर्ट आतले सबफोल्डर पाहतच नाही, आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर तारखेचा सबफोल्डर बनवून त्यात फोटो टाकते. फोटो आलेले असतात, लाइटरूम मात्र रिकामं. सबफोल्डर बनवणं बंद करा, आणि सुरू करताना तो फोल्डर रिकामा असू द्या.

एफटीपी थोडक्यात. लॅपटॉपवर फाइलझिला सर्व्हर हे सॉफ्टवेअर टाकायचं, कॅमेऱ्यात लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), नाव, पासवर्ड भरायचा, कॅमेरा स्वतःच फोटो ढकलतो. कॅमेरा कोणाच्या ताब्यात हा प्रश्नच येत नाही म्हणून भांडण कमी. फक्त लॅपटॉपचा आयपी राउटरमधे पक्का करून ठेवा, नाहीतर उद्या तो बदलतो आणि कॅमेरा जुन्याच पत्त्यावर पाठवत बसतो. कॅनन आर६, सोनी ए७ फोर यांच्यात ही सोय आहे, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल पाहूनच ठरवा. पण यात लॅपटॉपवरून क्लिक करणं किंवा लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याला दिसते ते स्क्रीनवर पाहणं) नाही, नुसते फोटो येतात.

केबलची पण रडगाणी आहेत. यूएसबी २ पाच मीटरपर्यंत, यूएसबी ३ साधारण तीन मीटरपर्यंत, त्यापुढे अॅक्टिव्ह केबल (सिग्नल वाढवणारी चिप असलेली) लागते. कोणाचा पाय अडकला तर कॅमेऱ्याचा पोर्ट जातो, म्हणून केबलला गाठ द्या किंवा स्टँडला बांधून टाका. फोनसोबत आलेली पातळ केबल नुसती चार्जिंगची असू शकते, दिसायला तीच, डेटा शून्य. बस, एवढंच.

आणि नागपूरचं म्हणून एक. मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलर लावून शूट चाललंय आणि लाइट गेली, तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, कॅमेरा चालतो, राउटर मरतो. वाय-फायवाल्याचं काम तिथंच थांबते, केबलवाल्याला फरक पडत नाही. राउटर पॉवरबँकवर चालणारा घेतला तर हा प्रश्न सुटतो. वाय-फायवर कॅमेऱ्याची बॅटरीही लवकर उतरते, दोन जास्तीच्या ठेवा आणि ऑटो पॉवर ऑफ बंद करा, कॅमेरा झोपला की कनेक्शनपण झोपते. लॉनवरच्या लग्नात तर शेकडो फोन त्याच २.४ मधे गर्दी करतात, कॅमेऱ्यात ५ गिगाहर्ट्झ असेल तरच तिथं वाय-फायच्या नादी लागा.

कोणी स्वस्तात जुनं आय-फाय एक्स२ कार्ड (वाय-फायवरून फोटो पाठवणारं मेमरी कार्ड) देऊन राहिला तर घेऊ नका, कंपनीनं त्याचा सपोर्ट २०१६ मधेच बंद केला.

त्या पोरानं शेवटी पाच मीटरची केबल घेतली. कामाच्या पहिल्याच दिवशी सकाळी फोन, दादा, कॅमेरा दिसूनच नाही राहिला, केबल खराब निघाली वाटते. म्हटलं घड्याळाजवळ पाहा बे, कोण कोण बसून आहे तिथं. दोन मिनिट शांतता. मग म्हणे, तिघं जण आहेत.