समुद्रमार्गांचा भिंतनकाशासंच : किनाऱ्यापर्यंत उत्तम, किनाऱ्याच्या आत अपुरा

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने गेल्या वर्षी युरोपीय दर्यावर्दी, त्यांचा व्यापार आणि त्यांच्या वसाहती या विषयावरील मराठी भिंतनकाशांचा एक संच मागवला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली आणि शाळेचे वरचे वर्ग हे त्याचे मुख्य वाचक आहेत. संचात आठ नकाशे आणि एक मार्गदर्शक पुस्तिका असून पोर्तुगिजांनी १४१५ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सेउटा घेतले तेथपासून १८०३ पर्यंतचा काळ त्यात आला आहे. आमच्याकडे तो वर्षभर रोजच्या वापरात आहे, म्हणून इतर गावांच्या वाचनालयांना आणि शाळांना उपयोगी पडेल असे हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

बांधणी चांगली आहे. नकाशांना कापडी पाठ आहे, वरखाली लाकडी पट्ट्या आहेत आणि पावसाळ्यातील ओलीनेही कागद फुगला नाही. वरचा प्लास्टिकचा थर मात्र फार चकाकतो, त्यामुळे खिडकीसमोर टांगल्यास दुपारी निम्मा नकाशा दिसत नाही. अक्षरे दहा फुटांवरून वाचता येतात.

संचातील सर्वोत्तम नकाशा तिसरा, म्हणजे वाऱ्यांचा. हिंदी महासागरावर उन्हाळ्याअखेर सुरू होणारे नैर्ऋत्य वारे एका रंगाच्या बाणांनी आणि हिवाळ्यातील ईशान्य वारे दुसऱ्या रंगाच्या बाणांनी दाखवले आहेत, आणि त्यांच्यावरून वास्को द गामाचा जाण्यायेण्याचा मार्ग काढला आहे. १४९८ च्या एप्रिलअखेर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी येथे वाटाड्या घेऊन निघालेली त्याची जहाजे सुमारे २३ दिवसांत मलबारच्या किनाऱ्याला लागली, कारण वारा पाठीशी होता. परतताना त्याने ऑगस्टच्या अखेरीस कालिकत सोडले आणि ईशान्य वारे स्थिरावण्याआधीच, ऑक्टोबरच्या आरंभी, कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून आफ्रिकेकडे शिडे उभारली. तोच समुद्र ओलांडायला या वेळी सुमारे तीन महिने लागले. स्कर्व्हीने इतके खलाशी दगावले की एक जहाज चालवायला माणसेच उरली नाहीत आणि ते वाटेत जाळून टाकावे लागले. ज्या मुलांच्या घरी मृगाच्या सरींवर पेरणी ठरते आणि पाऊस लांबला की दुबार पेरणीची चिंता सुरू होते, त्यांना हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. समुद्र न पाहिलेली मुलेसुद्धा बाणांवर बोट ठेवून जहाज कोणत्या महिन्यात सुटले पाहिजे हे बिनचूक सांगतात. अरब आणि गुजराती खलाशी या वाऱ्यांवर गामाच्या कितीतरी शतके आधीपासून ये-जा करत होते, हेही पुस्तिकेत ठळकपणे नोंदवले आहे. अटलांटिक महासागराचा भाग तितकाच नेटका आहे. दक्षिणेकडे जाण्यासाठी आधी पश्चिमेला खूप दूर का वळावे लागे आणि १५०० मध्ये भारताकडे निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला कसा लागला, हे त्या एका वळणदार रेषेवरून लक्षात येते.

चौथा नकाशा मसाल्यांचा आहे. मलबारची मिरी, सिंहलद्वीपची दालचिनी, आजच्या इंडोनेशियातील मालुकू बेटांतील लवंग आणि बांदा बेटांतील जायफळ-जायपत्री अशी मांडणी त्यात आहे. नकाशावर टाचणीच्या टोकाएवढे दिसणारे बांदा समूहातले रून बेट वेगळ्या चौकटीत मोठे करून दाखवले, हे फार चांगले केले आहे. कारण १६६७ च्या ब्रेडा तहाने इंग्रजांनी त्या बेटावरचा दावा सोडला आणि डचांनी मॅनहटन बेटावरचा, ही गोष्ट चित्राशिवाय कोणाला खरी वाटत नाही. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसन कून याने जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवर केलेला संहारही पुस्तिकेने झाकून ठेवलेला नाही.

या नकाशात मला एक उणीव मात्र फार जाणवली. आमच्या तालुक्यातील पानमळ्यांत आणि शेजारच्या अकोट-तेल्हाऱ्याकडे पिकणारी पानपिंपळी त्यात कुठेच नाही. दहावीतील एका मुलीने घरून वाळलेल्या पिंपळीचे मूठभर दाणे आणून नकाशाखालच्या टेबलावर ठेवले आणि ही मिरीच्याच कुळातली असून हिचे नाव का नाही, असे विचारले. तिचा प्रश्न रास्त होता. बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब, राखट-तपकिरी, खरखरीत अशी ही पिंपळी प्राचीन रोमच्या बाजारात काळ्या मिरीपेक्षा कितीतरी महाग होती. रोमन लेखक प्लिनीने लांब पिंपळीचा भाव रतलाला (पौंडाला) १५ दिनार आणि काळ्या मिरीचा ४ दिनार असा नोंदवला आहे. पुढे काळ्या मिरीने युरोपच्या स्वयंपाकघरातून तिला जवळजवळ हद्दपार केले, आणि अमेरिकेतून पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात आलेल्या मिरचीने आपल्याकडचा तिखटपणाही आपल्या ताब्यात घेतला. मिरचीचा हा प्रवास पिकांच्या पाचव्या नकाशात मका, भुईमूग, तंबाखू, सीताफळ आणि पपई यांच्यासोबत दाखवला आहे. ज्या पिकाची जागा तिने घेतली, त्याचा उल्लेख तिथेही हवा होता.

सत्तेचे रंग हा या संचाचा पहिला मोठा दोष आहे. १६०० सालचा नकाशा पाहिला तर गुजरातपासून मलबारपर्यंतची सारी किनारपट्टी पोर्तुगिजांच्या हिरव्या रंगाने भरलेली आहे, आणि ती पाहून मुलांनी हा सारा मुलूख त्यांच्या राज्यात होता असाच अर्थ घेतला. प्रत्यक्षात त्यांच्या हाती दीव, दमण, वसई, चौल, गोवा अशी ठाणी आणि त्यांच्याभोवतीचा थोडा प्रदेश होता. त्यांचे खरे बळ समुद्रावर होते. तिथे त्यांनी कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा केला होता, आणि ज्या व्यापाऱ्याच्या जहाजावर तो नसेल त्याचे जहाज व माल जप्त होत असे. जमिनीवर मोगल, आदिलशाही आणि कुतुबशाही यांच्यासमोर हेच लोक नजराणे घेऊन सवलती मागत होते. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला, तोही जहांगीरच्या दरबारात अर्जदार म्हणूनच आला होता. दीडशे-दोनशे वर्षे टिकलेली ही स्थिती एका सपाट हिरव्या रंगाने पुसली जाते. ठाण्यांसाठी ठिपके आणि समुद्रमार्गांसाठी पट्टे वापरले असते तर हा गैरसमज झालाच नसता.

दुसरा दोष याहून गंभीर आहे, आणि वऱ्हाडातल्या वाचकाला तो अधिक टोचतो. किनारा संपला की या संचातील भारत कोरा होतो. सुरत आहे, मछलीपट्टण आहे, पण त्यांना जोडणारी बाजारगावे नाहीत. बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे बऱ्हाणपूर हे सतराव्या शतकात कापडाचे मोठे केंद्र आणि सुरत-आग्रा मार्गावरचे महत्त्वाचे ठाणे होते. टॉमस रो अजमेरला जाताना १६१५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे थांबून जहांगीरचा मुलगा शाहजादा परवेझ याला भेटला होता. हे शहर एकाही नकाशावर नाही. जहाजात चढणारे कापड कुठल्या तरी काळ्या मातीत पऱ्हाटी होऊन उगवले, कोणी तरी ते वेचले, पिंजले, कातले, विणले आणि बैलांच्या पाठीवर लादून किनाऱ्याला पोचवले, ही साखळी दिसली नाही तर व्यापार केवळ जहाजांनी केला असे वाटते.

सहावा नकाशा, गुलामांच्या व्यापाराचा, या बाबतीत सर्वाधिक उपयोगी पडू शकला असता. तो प्रामाणिकपणे काढला आहे. बाणांची जाडी माणसांच्या संख्येप्रमाणे ठेवली असून, साडेतीन शतकांहून अधिक काळात आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांत कोंबली गेली आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख अमेरिकेच्या किनाऱ्याला जिवंत उतरली, हे आकडे मोठ्या अक्षरांत आहेत. या दोन आकड्यांमधील फरक मुलांनी स्वतः वहीत काढला तेव्हा वर्गात बराच वेळ त्यावर बोलणे झाले. पण पश्चिम आफ्रिकेत माणसांच्या मोबदल्यात दिल्या जाणाऱ्या मालात भारतीय सुती कापडाचा वाटा मोठा होता, ही गोष्ट पुस्तिकेच्या एका टिपेत आहे आणि नकाशावर तिचा बाण नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या मुलांना त्या व्यापाराशी आपल्या देशातील सुताचा संबंध दिसायलाच हवा.

आठव्या नकाशाबद्दल आमच्या गावात नाराजी आहे. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धासाठी त्यात असई आणि लासवारी या दोनच खुणा आहेत. २९ नोव्हेंबरची आडगावची लढाई आणि १५ डिसेंबरला पडलेला गाविलगड किल्ला त्यात नाही. ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांशी ज्या गावी तह झाला ते सुर्जी-अंजनगावही नाही. त्याहून मोठी चूक रंगाची आहे. विदर्भाला समुद्र नाही असे आपण नेहमी म्हणतो, परंतु १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी झालेल्या तहानंतर ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला आणि १८०३ च्या देवगावच्या तहात कटक प्रांत बालासोरसह इंग्रजांना देईपर्यंत तो किनारा त्यांच्याकडे होता. त्याआधी रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, आणि तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. नकाशात कलकत्ता आहे, बालासोरची वखार आहे, नागपूर मात्र नाही. देवगावच्या त्याच तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला, म्हणजे आमचे आजचे तालुके कोणाच्या अमलाखाली राहणार हेही तिथेच ठरले. एवढे महत्त्वाचे साल निवडून संच संपवायचा आणि आतली गावे वगळायची, हे मला पटलेले नाही.

किरकोळ बाबींत, पुस्तिकेत चिमाजी अप्पांनी वसई घेतल्याचे साल १७३७ छापले आहे. मोहीम त्या वर्षी सुरू झाली, किल्ला हाती आला तो १७३९ मध्ये. प्रकाशकाला कळवल्यावर शुद्धिपत्रक आले, ही समाधानाची गोष्ट आहे. आतल्या व्यापारी मार्गांविषयी लिहिलेल्या पत्राला अजून उत्तर नाही. सर्व जागतिक नकाशे मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीने काढले असल्याने ध्रुवांकडचे प्रदेश फुगलेले आणि आफ्रिका लहान दिसते, म्हणून दोऱ्याने अंतरे मोजायची असतील तर शेजारी पृथ्वीगोल ठेवावा.

इतके दोष सांगूनही हा संच घेण्याजोगा आहे, कारण मराठीत या विषयावर भिंतीवर टांगून शिकवता येईल असे इतके स्पष्ट साहित्य मला दुसरे मिळाले नाही. प्रकाशक नकाशे सुटेही देतो. ज्या वाचनालयाला पूर्ण संच परवडणार नाही, त्याने तिसरा, चौथा आणि सहावा एवढे तीन मागवावेत. १६०० आणि १८०३ चे नकाशे सुधारित आवृत्ती निघेपर्यंत थांबवून ठेवावेत, आणि मागणीपत्रातच बऱ्हाणपूर, नागपूर व गाविलगड ही नावे लिहून पाठवावीत.